बर्फ, एल निनो आणि एक ‘जर’: मोसमी पावसाच्या अंदाजाची दीडशे वर्षे

११ एप्रिल २०२३ रोजी भारतीय हवामानशास्त्र विभागाने त्या वर्षीच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर केला: दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, त्यात पाच टक्के कमी-अधिक. मथळ्यांत तो ९६चा आकडा झळकला आणि अनेकांनी तो ‘चांगला पाऊस पडण्याची ९६ टक्के खात्री’ असा वाचला. वास्तविक तो आकडा पावसाच्या प्रमाणाचा होता, शक्यतेचा नव्हे. शक्यता त्याच निवेदनातील एका लहानशा तक्त्यात दिल्या होत्या, आणि खरा अंदाज तिथेच होता.

त्या तक्त्यात पावसाचे पाच वर्ग होते. सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी म्हणजे ‘अपुरा’ पाऊस. त्याची शक्यता २२ टक्के. ‘सरासरीहून कमी’ २९ टक्के, ‘सरासरीइतका’ ३५ टक्के, ‘सरासरीहून अधिक’ ११ टक्के आणि ‘अतिरिक्त’ ३ टक्के. शेजारच्या स्तंभात दुसरे आकडे होते: १६, १७, ३३, १६, १७. हे आकडे त्या वर्षाविषयी काहीच ठाऊक नसताना, केवळ आजवरच्या नोंदींवरून काढलेल्या शक्यतांचे. पहिल्या दोन वर्गांची बेरीज केली तर चित्र उलगडते. एरवी तूट पडण्याची शक्यता १६ आणि १७ मिळून ३३ टक्के. त्या वर्षी ती २२ आणि २९ मिळून ५१ टक्के. या दोन स्तंभांमधील अंतर हेच त्या दिवशीचे नवे ज्ञान होते. पहिली साधी संभाव्यता, दुसरी सशर्त संभाव्यता, आणि दोहोंच्या मध्ये एक ‘जर’. त्या वर्षीचा ‘जर’ होता एल निनोचा.

हा ‘जर’ नीट उच्चारायला भारतीय हवामानशास्त्राला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याची किंमत वेळोवेळी दुष्काळाने मोजून घेतली.

हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ची. पुढच्याच वर्षी पाऊस रुसला आणि १८७६–७८च्या महादुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. पावसाचा कल काही महिने आधी कळला तर धान्याची आणि मदतीची तजवीज करता येईल, ही सरकारची निकड होती. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी नोंदी चाळताना एक गोष्ट हेरली: ज्या वर्षी वसंतात पश्चिम हिमालयात उशिरापर्यंत भरपूर बर्फ पडतो, त्या वर्षी पुढे उत्तर भारतात पाऊस ओढ धरतो. १८८४ साली त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा संबंध मांडला. काही वर्षांच्या चाचपणीनंतर ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेश यांच्यासाठी हंगामी पावसाचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला. बर्फाने भिजलेली जमीन तापायला वेळ लागतो आणि जमीन-समुद्रातील तापमानाचा फरक कमी राहतो, हा त्यामागचा तर्क आजही टाकाऊ ठरलेला नाही. उणीव वेगळीच होती. बर्फ अधिक असता पाऊस कमी होण्याची शक्यता किती, याचे मोजमाप नव्हते. सांगितला जात होता तो निव्वळ निष्कर्ष.

ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरील आणि ऑस्ट्रेलियाकडील परिस्थितीही विचारात घेतली. अंदाज अधिक सविस्तर झाले, अधिक खात्रीचे मात्र झाले नाहीत. १८९९ साली त्यांनी सरासरीपेक्षा चांगल्या पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात ते वर्ष नोंदींच्या इतिहासातील सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक ठरले. विक्रम संवत १९५६ वरून राजस्थान-गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून ज्याची आठवण आजही काढली जाते, तो हा दुष्काळ. वृत्तपत्रांनी विभागाला झोडपून काढले आणि पुढे काही वर्षे हंगामी अंदाज जनतेपासून लपवून केवळ सरकारी अधिकाऱ्यांनाच दिला जाऊ लागला. चुकलेला अंदाज गुप्त ठेवल्याने तो सुधारत नाही, हे उघड असले तरी शासनव्यवस्थांना हा मोह त्यानंतरही अनेकदा झालेला आहे.

या पार्श्वभूमीवर १९०४ साली विभागाची सूत्रे आली ती हवामानाचा अनुभव नसलेल्या एका गणितज्ञाच्या हाती. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे सीनियर रँग्लर. बूमरँग हवेत कसा वळतो यावर त्यांनी इतका अभ्यास केला होता की मित्र त्यांना त्याच नावाने हाक मारत. भौतिक नियमांवरून मोसमी वाऱ्यांचे गणित सोडवणे त्या काळी अशक्य आहे, हे ओळखण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्याजवळ होता. त्यांनी दुसरी वाट धरली. जगभरातील केंद्रांच्या वायुदाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी जमवायच्या आणि भारतातील पावसाशी त्यांचा सहसंबंध किती, ते आकड्यांत काढायचे. यंत्रे नव्हती, भारतीय कारकुनांचा एक गट हाताने हजारो गुणाकार-भागाकार करीत असे. त्या कारकुनांच्या श्रमांचा उल्लेख विज्ञानाच्या इतिहासात फारच ओझरता येतो. १९०९च्या सुमारास या खटाटोपातून पहिले सूत्र निघाले, त्यात चार घटक होते: हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस.

झांझिबारच्या पावसाचा भारतातील भातशेतीशी काय संबंध, असे कोणीही विचारील. वॉकर यांनी तो प्रश्न स्वतःलाच विचारला, आणि १९१४ साली विभागाच्या प्रकाशनात त्याचे जे उत्तर दिले, ते मोठे मोलाचे आहे. मुद्दा सोपा आहे. एखादा घटक पावसाशी पूर्णतः असंबद्ध असला, तरी थोड्याशा वर्षांच्या नोंदींत निव्वळ योगायोगाने त्याचा पावसाशी मेळ बसल्यासारखा दिसू शकतो. समजा, असा भ्रम होण्याची शक्यता शंभरांत तीन आहे. मग तो न होण्याची शक्यता ०.९७. आता एकच घटक न तपासता परस्परांशी संबंध नसलेले, म्हणजे स्वतंत्र, असे पन्नास घटक तपासले. स्वतंत्र घटनांच्या शक्यतांचा गुणाकार होतो. म्हणून पन्नासपैकी एकही घटक न फसवण्याची शक्यता म्हणजे ०.९७ ला स्वतःशी पन्नास वेळा गुणून येणारी संख्या. ती सुमारे ०.२२ भरते. याचा अर्थ, पन्नासांतील निदान एक घटक फसवणार याची शक्यता ७८ टक्के! शंभरांत तीनवर जी गोष्ट विश्वासार्ह वाटते, ती पन्नास दारे ठोठावल्यावर जवळजवळ अटळ होते. औषधांच्या चाचण्यांपासून जनुकांच्या शोधापर्यंत आज ज्याला बहुविध चाचण्यांची समस्या म्हणतात, तिचे हे स्पष्ट विवेचन पावसाच्या अंदाजापायी, भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पानांवर झालेले आहे.

या गुणाकारामागे मात्र एक गृहीत दडलेले आहे: घटक परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. वॉकर यांच्या तक्त्यांतील घटक तसे नव्हते. दक्षिण अमेरिकेकडील दाब चढला की हिंदी महासागरावरचा दाब उतरे, आणि उलटही होई. तराजूची एक बाजू वर गेली की दुसरी खाली जावी तसे. गणिताच्या दृष्टीने ही अडचणच, कारण मग चार घटक म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत. एकाच साक्षीदाराने चार वेळा दिलेली ती जबानी ठरते. पण निसर्गाच्या दृष्टीने हाच शोध होता. वॉकर यांनी १९२४ साली या हेलकाव्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पेरूच्या किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी तापणे, म्हणजे एल निनो, आणि हे आंदोलन ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली दाखवले. घटकांमधील अवलंबन ही आधी गणितातील खोट वाटली. तीच पुढे शतकातील एक मोठे भौतिक सत्य ठरली.

वॉकर यांच्या सूत्रांचे पुढे काय झाले? त्यांतील कित्येक सहसंबंध नंतरच्या दशकांत फिके पडले. काहींनी तर चिन्हच बदलले. पुढे विभागाचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली लंडनच्या हवामानशास्त्रीय संस्थेपुढील अध्यक्षीय भाषणात हे मोकळेपणाने मांडले. भारतीय मोसमी पाऊस आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशी अधिक जुळतो. त्याच्यावरून जगाचे हवामान सांगता येईल, जगावरून त्याचे सांगणे कठीण, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

यानंतरचा मोठा अध्याय १९८८चा. तत्कालीन विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव, पुण्याचे वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे नवे प्रारूप सिद्ध केले. एल निनो, हिमालय आणि युरेशियातील बर्फ, विविध ठिकाणचे तापमान, वाऱ्यांचे प्रवाह आणि दाब असा त्याचा पसारा होता. १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशात एकदाही अपुरा पाऊस झाला नाही आणि प्रारूपाने दुष्काळ सांगितला नाही. यशाची ही मालिका साजरी झाली, आणि ती साजरी करण्यात काही गैर नव्हते. गोवारीकरांच्या प्रयत्नाने हंगामी अंदाज पुन्हा राष्ट्रीय चर्चेत आला, हे श्रेय त्यांचेच. तरी एक हिशेब तेव्हाच व्हायला हवा होता. अपुऱ्या पावसाची साधी संभाव्यता १६ टक्के. म्हणजे एका वर्षी तसे न होण्याची ८४ टक्के. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर ०.८४ चा स्वतःशी चौदा वेळा गुणाकार ०.०९ च्या आसपास येतो. डोळे झाकून दरवर्षी ‘दुष्काळ नाही’ म्हणणाराही चौदा वर्षे सलग खरा ठरण्याची शक्यता जवळजवळ ९ टक्के होती. ही शक्यता लहान असली तरी नगण्य नाही. दुष्काळाच्या अंदाजाची कसोटी दुष्काळाच्या वर्षीच लागते, आणि त्या चौदा वर्षांत ती लागलीच नव्हती.

ती लागली २००२ साली. प्रारूपाने १०१ टक्के पाऊस सांगितला होता, चूक चार टक्के कमी-अधिक गृहीत धरून. जुलै महिन्यात देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. पेरलेले बियाणे जमिनीतच करपले. चार टक्के ही प्रमाण चूक मानली, तर वीस टक्क्यांचे अंतर तिच्या पाचपट होते. घंटाकृती वितरणाच्या हिशेबाने इतकी तूट पडण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक. असे काही पहिल्या मोठ्या कसोटीतच घडते तेव्हा निसर्गाने चमत्कार केला असे मानण्यापेक्षा ‘चार टक्के’ हा आकडाच चुकीचा होता असे मानणे शहाणपणाचे. थोड्या दशकांच्या नोंदींना सोळा घटक जुळवले की भूतकाळ नेमका बसतो. भविष्याला ते बंधन नसते. वॉकर यांचा १९१४चा इशारा कोणी पुन्हा काढून वाचला असता तर बरे झाले असते.

२००३ पासून विभागाने घटक कमी केले आणि अंदाजासोबत वर्गवार संभाव्यताही देण्यास प्रारंभ केला. यानेही लगेच जादू झाली नाही; २००४ साली सुमारे सरासरीइतका पाऊस सांगितला गेला आणि तो १३ टक्क्यांच्या आसपास कमी पडला. हे पुन्हा का फसले, याची चिकित्सा सुलोचना गाडगीळ, एम. राजीवन आणि रवी नंजुंडय्या यांनी ‘करंट सायन्स’मध्ये २००५ साली केली.

प्रश्नाचे मर्म उघड करणारा लेख मात्र २००६ साली ‘सायन्स’मध्ये आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या परदेशस्थ सहकाऱ्यांनी १३२ वर्षांच्या नोंदी तपासून सांगितले: भारतातील तीव्र दुष्काळांच्या जोडीला प्रत्येक वेळी एल निनो होता, पण एल निनो आला म्हणून प्रत्येक वेळी तीव्र दुष्काळ पडला नाही. वाक्याचे दोन्ही भाग एकाच गोष्टीविषयी बोलतात असे वाटते, प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या संभाव्यता सांगतात. ‘दुष्काळ असेल तर एल निनो असण्याची शक्यता’ त्या नोंदींत पूर्ण शंभर टक्के. ‘एल निनो असेल तर दुष्काळ पडण्याची शक्यता’ त्याहून खूपच कमी. ‘जर’ आणि ‘तर’ यांची अदलाबदल केली की उत्तर बदलते. शेतकऱ्याला हवी असते दुसरी संभाव्यता. इतिहासाकडे मागे वळून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती पहिली. एल निनोची बातमी आली की दुष्काळ ठरलेलाच, असे जे दरवर्षी लिहिले जाते, ते या अदलाबदलीतून.

१९९७ हे वर्ष त्याचा जिवंत पुरावा. विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक त्या वर्षी होता, तरी भारतात १०२ टक्के पाऊस झाला. २००२चा एल निनो मध्यम होता आणि दुष्काळ तीव्र. कृष्णकुमार यांच्या चमूच्या मते फरक जागेचा होता: प्रशांत महासागराचा मध्य तापला तर भारतावर हवा खाली दबते आणि ढग दडपले जातात, पूर्वेचा भाग तापला तर तितके नाही. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दुसरी अट दाखवली होती. विषुववृत्तीय हिंदी महासागरात पश्चिमेकडे ढग दाटतात की पूर्वेकडे, यावर भारतातील पाऊस अवलंबून असतो. १९९७ साली ही स्थिती अनुकूल होती, २००२ साली प्रतिकूल. म्हणजे नुसते ‘एल निनो असेल तर’ पुरेसे नाही. ‘एल निनो असेल आणि हिंदी महासागर प्रतिकूल असेल तर’ अशी दुहेरी अट घालावी लागते. या दोन अटीही परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र नाहीत, म्हणून येथे गुणाकाराचा सोपा नियम लागू पडत नाही.

आता २०२३च्या तक्त्याकडे परत येता येते. १९५१ ते २०२२ या बहात्तर वर्षांत एल निनोची पंधरा वर्षे आली आणि त्यांपैकी सहा वर्षी पाऊस सरासरीइतका किंवा अधिक झाला, असे विभागाने तेव्हा सांगितले होते. उरलेली नऊ वर्षे तुटीची. पंधरांत नऊ, म्हणजे एल निनोच्या वर्षी तुटीची शक्यता ६० टक्के. एल निनो आणि पाऊस यांचा काही संबंध नसता तर ३३ टक्क्यांच्या हिशेबाने पंधरांत पाचच वर्षे तुटीची निघाली असती. पाचच्या जागी योगायोगाने नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता काढली तर ती शंभरांत तीन भरते. हा नेमका तोच आकडा आहे ज्याविषयी वॉकर यांनी सावध केले होते. पन्नास घटकांतून वेचून काढलेला असता तर त्यावर विसंबता आले नसते. एल निनोवर विसंबता येते ते या पंधरा वर्षांमुळे नव्हे. त्याच्यामागे समुद्र आणि वातावरण यांच्या परस्परक्रियेची समजलेली यंत्रणा आहे, आणि त्याचे पडसाद इंडोनेशियापासून पेरूपर्यंत वेगवेगळ्या नोंदींत उमटतात.

एप्रिलमध्ये एल निनो अजून आलेला नव्हता. येण्याची चिन्हे होती. तेव्हा अटीचीही संभाव्यता धरावी लागते. समजा, ती ७० टक्के मानली. एल निनो नसलेल्या सत्तावन्न वर्षांत तुटीची शक्यता, ३३ टक्क्यांची एकूण सरासरी गृहीत धरून, सुमारे २६ टक्के येते. मग ०.७ गुणिले ०.६ म्हणजे ०.४२, ०.३ गुणिले ०.२६ म्हणजे जवळपास ०.०८, बेरीज ०.५०. विभागाच्या ५१ टक्क्यांशी हा आकडा इतका जुळावा हा काही अंशी योगायोगच, कारण विभागाचा आकडा हवामानाच्या संगणकीय प्रारूपांच्या संचातून येतो, असा हाताने मांडलेला नसतो. शिवाय त्या निवेदनात हिंदी महासागर अनुकूल होण्याची आणि फेब्रुवारी-मार्चमधील युरेशियातील बर्फाचे आच्छादन सरासरीहून कमी असल्याची नोंदही होती. ब्लॅनफर्ड यांचा बर्फ १३९ वर्षांनंतरही हिशेबात होताच.

त्या हंगामात जून ९१ टक्क्यांवर संपला, जुलै ११३ टक्क्यांवर. ऑगस्टने ३६ टक्क्यांची तूट दाखवली. १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सप्टेंबरने पुन्हा ११३ टक्के देऊन थोडे सावरले आणि हंगाम ९४ टक्क्यांवर, म्हणजे २९ टक्के शक्यता दिलेल्या वर्गात, थांबला. अंदाज बरोबर होता की चूक, हे या एका वर्षावरून सांगता येत नाही. एखाद्या वर्गाला जेव्हा जेव्हा २९ टक्के शक्यता दिली गेली त्या सर्व प्रसंगांपैकी सुमारे २९ टक्के वेळा तो घडला का, हे अनेक वर्षांच्या नोंदींतूनच तपासता येते. वर्गवार संभाव्यता देऊन विभागाला दोनच दशके झाली आहेत. आणि देशाचे ९४ टक्के हे साऱ्या देशाचेच असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. देशात इतका पाऊस झाला असता एखाद्या तालुक्यात दुष्काळ पडण्याची संभाव्यता किती, हा आणखी एक ‘जर’. एप्रिलच्या त्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.